पंधरा सेकंदांचा रस्ता

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज ताई पुन्हा अर्ध्यातून परत आली!

घरासमोर चौपदरी रस्ता, पलीकडे आरोग्य केंद्र, तिथे सकाळी गुडघ्यांच्या व्यायामाचा वर्ग. सिग्नलवर हिरवा माणूस लागला, ताईने काठी टेकली, सात-आठ पावलं टाकली, आणि तो मेला लुकलुकायला लागला. एक गाडीवाला खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "आजी, इथेच मुक्काम का?" ताई वळली. मी धावत गेले तोवर ती फुटपाथवर येऊन उभी होती, चेहरा पांढराफटक.

हात धरून नेते म्हटलं तर म्हणते, "मग दोघी मरू."

घरी आल्यावर सांगून टाकलं तिने, "छोटे, मी आता वर्गाला जात नाही." मी एकाहत्तर वर्षांची, तरी अजून छोटीच. डॉक्टरांनी मागच्या महिन्यातच बजावलंय की व्यायाम सुटला तर वर्षभरात ताई खुर्चीला खिळेल. मला भीती वाटते. ताईशिवाय मला दुसरं आहे कोण?

माझं तसं ठीक आहे. अठ्ठावीस वर्षं शाळेत खेळ शिकवले, अजून टुणटुणीत आहे. तो रस्ता मी बारा-तेरा सेकंदांत पार करते. मोजलं नाही कधी, पण करतच असणार! माझ्याकडे नुसतं बघून गाड्या थांबतात. दरारा आहे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

वाचनालयात 'आम्हालाही विचारा' गटाची बैठक. आम्ही सगळे साठीच्या पुढचे. अध्यक्ष शिंपीदादा. त्यांनी दुकान बंद करून दहा वर्षं झाली, पण अजून समोरच्याचं माप डोळ्यांनीच घेतात. मला म्हणाले, "बाई, डावा खांदा उतरलाय तुमचा." मी म्हटलं, तुमचा चष्मा उतरलाय!

वाहतूक कार्यालयाचं उत्तर आलं होतं. गटातल्या नर्सबाईंनी मोठ्याने वाचलं. सिग्नलची वेळ पंधरा सेकंद आहे, ती सरासरी नागरिकाच्या चालीनुसार ठरवली आहे, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

"निकाली!" शिंपीदादा म्हणाले. "आपल्याला विचारलं कोणी?"

मग मी तिथूनच त्या कार्यालयाच्या इंजिनियरसाहेबांना फोन लावला. तीन वेळा त्यांनी "बघतो" म्हटलं, तिन्ही वेळा मी "कधी?" विचारलं. शेवटी कबूल झाले. एकोणीस तारखेला आमच्यातल्या नऊ जणांनी रस्ता पार करायचा, त्यांची माणसं वेळ घेणार, जी सरासरी निघेल ती सिग्नलला लावणार.

आता ही सरासरी भरपूर वाढली पाहिजे. ते काम माझ्याकडे!

सोमवार, १० फेब्रुवारी

सराव सुरू. वाचनालयाच्या मागच्या अंगणात खडूने रस्ता आखला, तेवढाच रुंद. मी स्टॉपवॉच घेऊन उभी. जन्मभर पोरांना पळायला शिकवलं, आता म्हाताऱ्यांना रेंगाळायला शिकवतेय!

"पाऊल टाकलं की थांबा. चष्मा सावरा. चप्पल निसटली असं दाखवा."

नर्सबाई नंबर एक. मधेच कंबरेवर हात ठेवून असा सुस्कारा सोडते की काळीज हलावं. शिंपीदादा जमिनीवर सुई शोधल्यासारखे चालतात. घोळ आहे तो टपालरावांचा. निवृत्त पोस्टमन, वय शहात्तर, चाळीस वर्षं पायी टपाल वाटलं. "सावकाश" म्हटलं की मान डोलावतात आणि बाणासारखे सुटतात. बारा सेकंद!

"बाई, पायांना सवयच नाही हो," म्हणाले. चेहरा इतका ओशाळलेला की ओरडताही येईना.

बुधवार, १२ फेब्रुवारी

टपालराव : बारा सेकंद. आजही!!

शनिवार, १५ फेब्रुवारी

टपालरावांच्या दोन्ही हातांत जुन्या मासिकांनी भरलेल्या पिशव्या दिल्या. साडेबारा. एक पिशवी वाटेत राहणाऱ्या कोणाला द्यायची आहे का, असं विचारत होते.

घरी लंगडण्याचा सराव करत होते, स्वयंपाकघर ते बाल्कनी, तर ताईने पकडलं.

"पायाला काय झालं?"

सांगावं लागलं. वाटलं हसेल. ती हसली नाही. "खोटं चालणार तुम्ही?"

"तुझ्यासाठीच चाललंय ना!"

"माझ्यासाठी लबाडी नको. माझी खरी चाल पुरेशी वाईट आहे. आणि तू कशाला लंगडतेस, तशीच चाल की."

मला राग आला. इतकं करतेय मी हिच्यासाठी! मग अर्धा तास लाज वाटली. मग जेवले, आणि डाव्यापेक्षा उजवा पाय लंगडलेला बरा दिसतो असं लक्षात आलं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

उद्या! ताई म्हणते, "मी तुमच्या त्या नऊ जणांत नाही. खुर्ची घेऊन बघायला येईन." येऊ दे.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आजच लिहून काढते.

साहेब दहाला आले. वय पस्तिशीचं, कोरे करकरीत बूट. बरोबर एक ऑफिसातली मुलगी, हातात तक्ता आणि घड्याळ, आणि गाड्या अडवून धरायला एक हवालदार. नर्सबाईंनी जीव ओतला, पंचवीस सेकंद. शिंपीदादा चोवीस. मी उजव्या पायाने लंगडले, मधे एकदा आकाशाकडेही बघितलं. मुलगी तक्त्यात लिहीत होती, मला आकडा दिसला नाही, पण काम फत्ते झालं असणार. बाकीच्यांनीही बरंच निभावलं.

मग टपालराव. रस्त्याकडेला बघे जमलेले. कोणीतरी म्हणालं, "काका, जमेल ना?" झालं! मान ताठ, पिशव्या खाली, अकरा सेकंद. वर पलीकडे जाऊन हातही हलवला.

सरासरी वीस निघाली. साहेब खूश होऊन म्हणाले, "चला, पंधराचे वीस केले." शिंपीदादा तर आभार मानायला पुढेसुद्धा झाले. विसात ताई कुठे बसते?

तेवढ्यात मागून आवाज आला. "मी अजून चालले नाहीये."

ताई खुर्चीतून उठली होती.

"आजी, सरासरी निघाली की," साहेब म्हणाले.

"हो का? मग तो सरासरी माणूस दाखवा मला. कुठे राहतो? मला बोलायचंय त्याच्याशी. तो पलीकडे पोचला की मीही पोचते का, एवढंच विचारायचंय."

साहेब हसले. ताई हसली नाही. तिने सरळ त्यांच्या कोपरात हात घातला. "चला."

हिरवा माणूस लागला. हवालदार केव्हाच निघून गेला होता. दोघं निघाली. काठी, उजवा पाय, डावा पाय, थांबा. काठी, उजवा, डावा, थांबा. पंधराला दिवा बदलला तेव्हा ती दोघं अजून अर्ध्यातही नव्हती. एका ट्रकने भोंगा दिला आणि साहेब जागच्या जागी उडाले! एक पाय पुढे, एक मागे, पळावं की थांबावं कळेना. गाड्या दोन्ही बाजूंनी गुरगुरत होत्या.

ताई त्यांचा हात थोपटत म्हणाली, "घाबरू नका. मी आहे ना."

छत्तीस सेकंद. पलीकडे पोचल्यावर साहेबांनी रुमालाने मान पुसली. ताई काठीवर दोन्ही हात ठेवून धापा टाकत होती. मला रडू आलं. सगळ्यांसमोर आलं, आणि मी ते लपवलं नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

पत्र नाही. साहेबांना फोन केला. "बघतो" म्हणाले नाहीत. "करतोय" म्हणाले.

सोमवार, ३ मार्च

आलं!!! सकाळी नऊ ते बारा, चाळीस सेकंद. 'सर्वांत सावकाश चालणाऱ्या नागरिकाचा विचार करून' असं लिहिलंय. सरासरी शब्द कुठेच नाही. ताईला तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा तिने माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं.

सोबत त्या दिवशीचा तक्ता. माझ्या नावापुढे तेवीस! बैठकीत सगळ्यांना दाखवला. "बघा, याला म्हणतात अभिनय!" टपालरावांनी टाळ्या वाजवल्या. शिंपीदादांनी कागद बघितला, मग मला बघितलं, आणि म्हणाले, "चहा घेऊ या."

बुधवार, ५ मार्च

ताई गेली. एकटी! मला बाल्कनीतच उभं राहायला सांगितलं होतं. चार सेकंद शिल्लक ठेवून पलीकडे पोचली आणि थांबलेल्या गाड्यांना काठीने सलाम ठोकला. एकाने उलट सलाम केला. वर्गातून परत येताना गुडघे दुखत होते तिचे, आणि ते ती आनंदाने सांगत होती.

गुरुवार, ६ मार्च

ताई वर्गात असताना मी स्टॉपवॉच घेऊन खाली उतरले. सहजच. हिरवा दिवा लागेपर्यंत थांबले. लंगडणं नाही, आकाशाकडे बघणं नाही. खांदे मागे, मान वर, मैदानावरची चाल.

बावीस.

बटण चुकलं असेल म्हणून परत येताना मोजलं. बावीस. तिसऱ्यांदा जीव तोडून चालले, पलीकडे खांबाला धरून उभी राहिले. बावीस.

म्हणजे त्या दिवशी मी एका सेकंदाचंच नाटक केलं.