तिसरा टाइट एंड

२६ जुलै

नवा टाइट एंड आला; समोरच्यांना अडवायचं आणि पास आला की झेलायचा, अमेरिकन फुटबॉलमधलं माझंच काम. मार्लन आर्सेनो, लुइझियानाचा. ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या पोरांच्या वाटपात, क्लबने चौथ्या फेरीत निवडलेला. आडनाव लिहायला अवघड आहे, त्यालाच दोनदा विचारून घेतलं. तो हसला — "माझ्या शाळेतल्या मास्तरांनीही इतकी काळजी केली नव्हती!"

संघात टाइट एंड तीनच ठेवणार. ग्रेडी पक्का, कूपर पक्का. उरली एक जागा. गेली दोन वर्षं ती माझी होती.

काही वाटलं नाही. जेवलो. पाय बर्फात ठेवून बसलो.

२८ जुलै

नव्यांनी जुन्यांचे खांद्याचे पॅड उचलायचे, ही इथली रीत. माझे आर्सेनोच्या वाट्याला आले. कुरकुर न करता उचलतो. शुक्रवारी सगळ्यांसाठी तळलेलं चिकनही त्यानेच आणायचं.

आज त्याच्याकडे नीट पाहिलं. पहिली तीन पावलं जड, मग एकदम सुटतो. चेंडू बोटांनी घेतो, छातीवर आपटून नाही. अंगावर माणूस असला तरी नजर चेंडूवरून ढळत नाही. ब्लॉक करताना, समोरच्याला अंगाने अडवताना, कंबर वर राहते, त्यामुळे समोरचा त्याला सहज ढकलतो. ते सुधारेल. एका वर्षात सुधारेल. बाकीचं कुणाला शिकवून येत नाही. मला आलं नाही.

१ ऑगस्ट

कोच हॉलिस्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "टाइट एंडने एका डावात भिंत व्हायचं आणि पुढच्या डावात पाखरू. आर्सेनो, तू नुसतंच पाखरू आहेस. प्रूइट, याला भिंत व्हायला शिकव."

सगळे हसले. ग्रेडी म्हणाला, "स्वतःचा खड्डा खणतोयस, प्रू. निदान फावडं तरी क्लबकडून नवीन मागून घे!"

मीही हसलो. मग शिकवलं. कंबर खाली, हात आत, पाय थांबवायचे नाहीत. ऐकतो. चटकन उचलतो. "अजून एकदा, भाऊ. अजून एकदा." शेवटी मीच दमलो.

५ ऑगस्ट

सराव संपल्यावर आर्सेनो माझ्यापुढे चालला होता. डाव्या हातात माझे पॅड, उजव्यात स्वतःचं हेल्मेट. हेल्मेट खाली पडलं. तो चालतच राहिला. पडल्याचं त्याला कळलंच नाही! मी हाक मारली. तो वळला आणि आधी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"घाम रे," म्हणाला.

हात कोरडा होता.

६ ऑगस्ट

आज चेंडूपेक्षा त्याच्या उजव्या खांद्याकडेच जास्त पाहिलं. त्या खांद्याने जोरात ब्लॉक केला की पुढच्या डावात चेंडू सुटतो. एरवी नाही. कोच ओरडले, "हाताला तेल लावून आलास काय रे!" तो मान खाली घालून उभा.

कपडे बदलताना विचारलं. आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, "मानेतून बोटांपर्यंत करंट जातो, भाऊ. मग हात माझा राहत नाही. थोड्या वेळाने येतो परत. कॉलेजपासून आहे. क्लबच्या डॉक्टरांनी तपासलं त्या दिवशी चांगला होता."

"फिजिओला सांगितलंस?"

"वेडा आहेस का? दुसऱ्या दिवशी घरी! आमच्या गावात पाटी लावलीय माझ्या नावाची. कुणाला सांगू नकोस. शब्द दे."

शब्द दिला नाही. सांगीन असंही म्हणालो नाही. पॅड खुंटीला अडकवले.

८ ऑगस्ट

सांगितलं, की तो बाहेर आणि जागा माझी. मग जन्मभर लोक म्हणणार — प्रूइटने पोराला उडवला. लोकांचं सोडा. मी कशासाठी सांगितलं हे मला तरी कळणार आहे का?

नाही सांगितलं, तर मान आहे ती. मी डॉक्टर नाही, कॉलेजही अर्ध्यात सोडलं. पण मान आहे.

१० ऑगस्ट

काही नाही. ऊन.

१४ ऑगस्ट

घरच्यांना सराव बघायला बोलावण्याचा दिवस. माझं कुणी आलं नाही, मी कळवलंच नव्हतं. आर्सेनोची आई आली. ठेंगणी बाई, डोक्यावर भली मोठी पिवळी टोपी. डबा भरून पेकानची, अक्रोडासारख्या दाण्यांची वडी आणलेली. माझ्या हातावर दोन ठेवल्या.

"प्रूइट तूच ना? फोनवर सारखं तुझंच चाललेलं असतं. प्रू असं म्हणाला, प्रूने तसं दाखवलं. लक्ष ठेव रे बाबा माझ्या लेकराकडे."

"हो, मॅडम."

आर्सेनो तिच्या मागे उभा राहून माझ्याकडे बघत होता. वडी फार गोड होती. दोन्ही खाल्ल्या.

१७ ऑगस्ट

कोचनी खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. पडद्यावर आर्सेनोचाच डाव थांबवून ठेवला होता.

"खरं सांग. पोरगा कसा आहे? तू दिवसभर त्याच्याजवळ असतोस."

"चांगला आहे, कोच."

"तुझ्यापेक्षा?"

"हो."

"मग चेंडू का सोडतो?"

एवढंच तर सांगायचं होतं. विचारणाराच विचारत होता! माझ्या तोंडून निघालं की खरंही लबाडीसारखं वाटणार — हेच डोक्यात.

"नवा आहे," मी म्हणालो. "शिकेल."

कोचनी पडद्यावरचा डाव बंद केला. "तू चांगला मुलगा आहेस," म्हणाले.

२१ ऑगस्ट

सरावाचा सामना. तिसऱ्या भागात आर्सेनोने ब्लॉक केला आणि गवतावर पालथा पडून राहिला. मी बाकावरून उठलो. स्टेडियमचा आवाज मला ऐकू येईना. मग तो उठला. उजवा हात लोंबत होता. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून त्याने जर्सीची कड मुठीत धरल्यासारखं केलं.

दोन डावांनंतर त्याच्याकडे पास आला. त्याने एका हाताने घेतला — डाव्या! रेषेपार. लोक खुर्च्यांवर चढून ओरडले. समालोचक म्हणे, काय रुबाब आहे पोराचा!

मी धावत गेलो. सगळे त्याला थोपटत होते. मी त्याच्या उजव्या बाजूला उभा राहिलो, म्हणजे तिकडून कुणी थोपटायला नको.

२२ ऑगस्ट

त्याच्याशी बोललो नाही. तोही नाही.

२७ ऑगस्ट

सकाळी दारावर टकटक. "प्रूइट, कोचनी बोलावलंय. टॅब्लेट घेऊन ये." संघाचे डाव असलेला टॅब्लेट परत मागितला, की संघातून काढलं समजायचं.

कोच म्हणाले, "तूच सांगितलंस तो तुझ्यापेक्षा चांगला आहे." टोमणा नव्हता. हात मिळवला. मी आभार मानले.

तिथून सरळ फिजिओच्या खोलीत गेलो. मिस पेकम कुणाच्या तरी घोट्याला पट्टी गुंडाळत होत्या. त्याला बाहेर पाठवायला सांगितलं आणि सगळं सांगून टाकलं. मान, करंट, हेल्मेट, सामन्यातला डावा हात. त्यांनी पट्टी खाली ठेवली.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"पाच-सहा तारखेपासून."

"आणि आज सांगतोयस?"

"आज मला त्यातून काही मिळणार नाही, मॅडम. काल मिळालं असतं."

त्या म्हणाल्या, "हे त्या पोराच्या मानेला कुणी समजावलं होतं का?"

त्यांनी फोन उचलला. मी बॅग भरायला गेलो.

२८ ऑगस्ट

गाडीने घरी. दोन्ही बाजूंना मका. मेहुणा म्हणाला, "टायरच्या दुकानात सोमवारपासून ये, जागा आहे." बरं म्हणालो.

आता हलकं वाटेल, असं वाटलं होतं. काहीच वाटत नाही. डोक्यात नुसतं ते गवत येतं, आणि त्यावर पालथा पडलेला तो.

२९ ऑगस्ट

दुपारी आर्सेनोचा मेसेज. "स्कॅन केला. मणक्यातली जागा अरुंद आहे. हे वर्ष गेलं. पुढचं काही सांगत नाहीत. तू सांगितलंस?"

मी लिहिलं — "हो."



३० ऑगस्ट

सकाळी कोचचा फोन. "प्रूइट, तिसरी जागा रिकामी झालीय. कधी पोचतोस?"

"संध्याकाळपर्यंत," मी म्हणालो. त्यांचं वाक्य पुरतं संपायच्या आत म्हणालो.