अळणी अवस

१ नोव्हेंबर, शनिवार

विंटर टायर्स बसवून घरी आले, तोच नेहाचा फोन. "आई, पुढच्या रविवारी रोहनला घेऊन येतेय. धिस इज सीरियस, ओके?" मी म्हटलं, ओके. एकतिशीची मुलगी, मार्कहॅमला नोकरी, स्वतःचा काँडो. मी ओके न म्हणून करणार काय! मग सहज विचारलं, आडनाव काय गं त्याचं?

सोनदरे.

हातातली गाडीची किल्ली हातातच राहिली. पुन्हा विचारलं. सोनदरेच. गाव? "आय डोन्ट नो, कुठल्यातरी घाटाखाली. त्याचे पेरेंट्स विंडसरला असतात."

घाटाखाली म्हणजे खालची वाडी. दुसरे कुठले सोनदरे मला तरी माहीत नाहीत.

अरविंदला सांगितलं. टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "पाचशे वर्षं झाली असतील त्याला." झाली असतील. पवारांना काय त्याचं! मी माहेरची माचले.

३ नोव्हें., सोम.

पुण्याला दादाला फोन. आडनाव सांगितलं. आजोबा दर मार्गशीर्ष अवसेला सांगायचे ती सगळी कहाणी त्याने शब्द न शब्द पुन्हा सांगितली. सुलतानाची फौज घाट चढून येत होती. वरच्या वाडीच्या माचल्यांनी खिंड अडवली. मीठ कोकणातून बैलांवर यायचं, घाट बंद म्हणून मीठही बंद. आमची माणसं अळणी भाकरी खाऊन लढली. आणि खालच्या वाडीच्या सोनदऱ्यांनी फौजेला मागची जंगलवाट दाखवली. कोणी उरलं नाही.

म्हणून त्या अवसेला आमच्याकडे चूल अळणी. आणि सोनदऱ्यांच्या घरचं मीठ तोंडात घालायचं नाही, कध्धी. चहा चालतो, साखर चालते. शिऱ्यात चिमूटभर मीठ घालतात काही जणी, तो नाही चालत.

दादा म्हणाला, "रक्तातच आहे त्यांच्या. तू सांगतेस नेहाला, की मी सांगू?"

मीच सांगेन म्हटलं. आधी मुलगा बघू दे.

९ नोव्हें., रवि.

पहिला बर्फ पडला. मुलगा उंच, हसरा. मराठी बोलतो, पण जपून. जेवण झाल्यावर न सांगता बाहेर जाऊन ड्राइव्ह वेवरचा बर्फ शोव्हल केला. अ. खूश. "बघ, याला म्हणतात संस्कार."

मी खिडकीतून बघत होते. पुढून साफ करत करत तो घराला वळसा घालून बॅकयार्डात गेला आणि बूट झटकून मागच्या दाराने बेसमेंटमध्ये आला. ते दार पाहुण्यांना माहीत नसतं. आमच्या शेजाऱ्यांनाही नाही. मी विचारलं, तुला कसं कळलं?

"पावलं होती ना आंटी, स्नोमध्ये. रकूनची. फॉलो केली."

मागची वाट या लोकांना रकूनसारखं चोरटं जनावरसुद्धा दाखवतं.

माझ्या हातचं मटण दोनदा घेतलं, शरम-संकोच काही नाही. म्हणजे याला काही सांगितलेलं नाही, नाहीतर नाटक तरी उत्तम. नेहाला बोलले नाही. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिला इतकं खूश मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

१५ नोव्हें., शनि.

रोहनच्या आईचा व्हिडिओ कॉल. शैलाताई. केस पांढरे, आवाज गोड, नको इतका. हवापाण्याच्या गप्पा, मग एकदम, "आणि नेहाचं मामाकूळ कुठलं म्हणायचं?"

मी म्हटलं, पुण्याकडचं.

"हो, पण मामा कोण?"

नेमकी तेव्हा कुकरची शिट्टी झाली. मी उठले, फोन अ.कडे दिला. परत आले तर फोन संपलेला. "काय विचारलं?" "काही नाही, मामाचं आडनाव." "सांगितलंस?" "सांगितलं. लपवायचं होतं का?"

या माणसाने नोकरीत आयुष्यभर स्टीलची पारख केली. माणसांची कधी करणार कोण जाणे.

२३ नोव्हें., रवि.

सोनदरे नवरा-बायको हॅमिल्टनला आमच्याकडे येऊन गेले.

काल दिवसभर स्वयंपाकघरात होते. सुकं मटण, रस्सा, वडे, अळूवड्या, मसालेभात. शेवटी श्रीखंड. कोणी नाव ठेवायला जागा नको.

शैलाताई म्हणाल्या, आज माझा उपवास. रविवारी? कालनिर्णयात पाहिलं, साधी चतुर्थीसुद्धा उद्या आहे. रोहनचे वडील म्हणाले, "मला बीपी आहे हो, डॉक्टरांनी मीठ तोडलंय." घाटाकडचा माणूस मटणाला नाही म्हणतो, आणि डोळे सगळा वेळ त्या भांड्यावर. दोघांनी श्रीखंड खाल्लं, केळं खाल्लं, चहा प्यायले. संपलं.

बीपी! त्यांच्याकडे जायची वेळ आली तर बीपीच सांगायचं असं मी पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं. माझंच कारण माझ्याच टेबलावर.

म्हणजे यांना सगळं ठाऊक आहे. ठाऊक असून माझ्या मिठाला हात लावत नाहीत. फितुरी यांनी केली आणि विटाळ आमचा? निघताना रीत म्हणून चकल्यांचा डबा दिला. शैलाताईंनी दोन्ही हातांनी घेतला, "अय्या, कशाला!" त्या डब्याचं काय होणार ते मी सांगायला नको.

अ. म्हणतो, बीपी असेल खरंच.

२६ नोव्हें., बुध.

नेहा कामावरून थेट इकडे आली. तिला रोहनने सगळं सांगितलं आणि रोहनला त्याच्या वडिलांनी. म्हणजे खिंड, मीठ, जुनं वैर; फितूर कोण, ते आम्ही दोघींनीही काढलं नाही. मी नाही म्हणाले नाही.

"आई, यू आर अ सायंटिस्ट! तू लॅबमध्ये थर्टी इयर्स काढलीस!"

लॅबमध्ये मी रक्तच तपासत होते, म्हटलं. तिला हसू आलं नाही.

मे महिन्यात लग्न करायचं त्यांच्या मनात आहे. मराठी पद्धतीने, विहीणपंगतीसकट. तिला ती पंगत लहानपणापासून आवडते. मावशीच्या लग्नात तिने पाहिली होती, मुलीकडच्यांनी विहिणीला मानाने बसवून आग्रह करकरून वाढायचं ते. नेहा म्हणाली, "माझ्या लग्नात दोन मदर्स बीपीची नाटकं करणार असतील तर मला ते लग्नच नको. आम्ही सिटी हॉलमध्ये साइन करू. तुम्ही कोणीच येऊ नका. आय मीन इट."

ती मीन करते. लहानपणी एकदा रुसली तर आठवडाभर बोलायची नाही.

एकुलती एक पोर. तिच्या लग्नात मी नसेन?

५ डिसें., शुक्र.

शैलाताईंचा मेसेज. "१९ला जेवायला या. शुक्रवारीच या हं, शनिवार नको."

१९ला मार्गशीर्ष अवस. शुक्रवारीच का? हायवेवर शुक्रवारी ट्रक्सची गर्दी, त्यात बर्फ. शनिवार कोणालाही सोयीचा. अ. म्हणतो, लोक शुक्रवारी बोलावतात. दादा म्हणतो, मुद्दाम. अवसेच्या दिवशी मीठ खायला घालून आपलं व्रत मोडायचं, आणि मग गावभर सांगायचं. मला दादाचं पटतंय.

एक बरं झालं. बीपी सांगावं लागणार नाही. आज माझं अळणी असतं, असं तोंडावर सांगेन. बघू काय करतात.

२० डिसें., शनि.

काल विंडसरला जाऊन आलो. झालं तसं लिहून ठेवते.

नेहा-रोहन आधीच पोचले होते. घर नीटनेटकं, दारात बूट ठेवायला ट्रे. मी आत गेल्या गेल्या वास घेतला. मसाल्याचा वास नाही. आज बाहेरून मागवलंय की काय?

पानावर बसलो. मी वाक्य जुळवून तयार होते. ताटाकडे पाहिलं. नाचणीची भाकरी, पिठलं, हरभऱ्याची भाजी, गूळ, दूध. आणि डाव्या हाताला मिठाची जागा रिकामी. कोणाच्याच ताटात मीठ नाही.

मला वाटलं विसरल्या. शैलाताई माझ्याकडेच बघत होत्या.

"आज आमच्याकडे अळणी असतं," त्या म्हणाल्या. "मी लग्न होऊन आले, तेव्हा सासूबाईंनी पहिली हीच गोष्ट सांगितली. आमची माणसं खिंडीत पडली ना. मीठ नव्हतं त्यांना."

मी म्हटलं, तुमची माणसं? आम्ही तर उलटं ऐकलंय.

"आमचीच," रोहनचे वडील म्हणाले. "सोनदऱ्यांनी अडवली खिंड. माचल्यांनी मागची वाट दाखवली फौजेला. वरच्या वाडीला जंगलाची माहिती. राग मानू नका, पण आम्ही लहानपणापासून हेच ऐकलंय."

नुसतं तेवढंच नाही. बैल, मीठ, अळणी भाकरी, कोणी उरलं नाही, सगळं तेच. आजोबांचेच शब्द त्या माणसाच्या तोंडून येत होते, फक्त नाव आमचं. माचले फितूर? मी बोलायला तोंड उघडलं. अ.ने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. बेचाळीस वर्षांत त्याने कधी एवढा दाबला नसेल.

रोहन दोघांकडे बघत होता. "वेट. सो बोथ साइड्स से द अदर साइड डिड इट?"

नेहा म्हणाली, "मेबी कोणीच दाखवली नाही. फौजेला डोळे होते ना?"

शैलाताई हळूच म्हणाल्या, "शुक्रवारीच या म्हटलं ते एवढ्यासाठी. आज तुम्ही आमचं खाऊ शकता आणि आम्ही तुमच्याबरोबर बसू शकतो. दुसरा दिवस मला सुचला नाही."

मी भाकरी मोडली. पिठलं लहानपणी लागायचं तसंच लागलं, म्हणजे कशासारखंच नाही. जेवले मात्र पोटभर. का, ते मला आत्ताही सांगता येणार नाही.

परत येताना अ. म्हणाला, बाई चांगली आहे. मी म्हटलं, हुशार आहे. हुशार आणि चांगली यांत फरक असतो, आणि तो मला अजून कळायचाय.

निघताना त्यांनी हातात बरणी दिली. लिंबाचं लोणचं, घरचं. मिठात मुरलेलं.

२२ डिसें., सोम.

दादाला सांगितलं. "खोटारडे!" म्हणाला. मी विचारलं, आपल्याला कोणी सांगितलं होतं? आजोबांनी. त्यांना? त्यांच्या आजोबांनी. मग सोनदऱ्यांना? तो चिडला. "खिंडीत वीरगळ आहे ना आपला. दगड खोटं बोलतो का?"

मला तो दगड आठवतो. आम्ही त्याला शेंदूर लावायचो. ढाल-तलवार घेतलेले गडी, वर चंद्र-सूर्य. नाव एकही नाही. दादाला विचारलं, खालच्या वाडीचे लोक पण येतात का रे तिथे? तो म्हणाला, "येतात. आपण सकाळी जातो, ते संध्याकाळी. आपला शेंदूर पुसून स्वतःचा लावतात."

पुसतात की त्यावरच लावतात, ते कोणी पाहिलंय?

१० जाने., शनि.

बरणी फ्रिजमध्ये मधल्या खणात. अ. रोज वरणभाताबरोबर घेतो, म्हणतो फर्स्ट क्लास आहे. पवारांना मोकळीक आहे. मी दूध काढताना तिच्याकडे बघते आणि दार लावते.

आज लेबल नीट पाहिलं. शैलाताईंचं अक्षर. खाली लिहिलंय, 'बरणी परत द्या'. कोणी लोणच्याच्या बरणीवर असं लिहितं? बरणी परत द्यायची तर आधी रिकामी व्हायला हवी. आणि रिकामी तर परत देतच नाहीत, त्यात आपलं काहीतरी भरून द्यायचं. म्हणजे त्यांचं मी खायचं आणि मग माझं त्यांनी. सरळ मनाने लिहिलं असेल, किंवा फार पुढचा विचार करून.

१८ जाने., रवि.

सकाळी नेहाचा फोन. हॉल मेमध्ये मिळतोय, डिपॉझिट द्यायला शुक्रवारपर्यंत वेळ आहे. "पण आधी मला सांग आई, विहीणपंगत होणार का? यस ऑर नो."

मी म्हटलं, हे तुझ्या सासूला विचार. माझ्या चकल्यांचं काय केलं त्यांनी?

नेहा म्हणाली, "डबा फ्रिजवर आहे. काका चोरून खातात. आंटीने एक पण नाही खाल्ली."

बघ, म्हटलं मी. बघ.

"तेच तर! मी त्यांना विचारलं, व्हाय नॉट? त्या म्हणाल्या, तुझ्या आईने लोणचं खाल्लं का ते आधी कळू दे."

पाचशे वर्षांनी खिंडीच्या दोन्ही तोंडांना आम्ही दोघी बसलोय, आणि दोघींना वाटतंय दुसरी मागून येईल.

"खाल्लंस का, आई?"

खोटं बोलणं सोपं होतं. छान आहे म्हटलं असतं की झालं. पण ती बाई खोटं ओळखेल. तिच्या जागी मी असते तर ओळखलं असतं.

अजून नाही, म्हटलं. थांब जरा.

फोन ठेवला नाही, ओट्यावर उताणा ठेवला. त्यातून नेहाचा आवाज येत होता, "आई? हॅलो? आई?" बरणी काढली. झाकण थंडीने घट्ट बसलेलं. अ. बाहेर बर्फ काढतोय, त्याला हाक मारली नाही. गरम पाण्याखाली धरलं तेव्हा फिरलं.

वास आमच्या घरच्यासारखाच आहे. आईही लिंबाच्या लोणच्यात थोडा गूळ घालायची. त्यांना हे कोणी सांगितलं?

चमचा घेतलाय. नेहा अजून फोनवर आहे.