जीपची डावी बाजू

तिरोडा, सोमवार

चि. हिमांशुस,

आशीर्वाद. (रागात आहे, म्हणून एकच.) तुझी तब्येत उत्तम असेलच; दुसऱ्याच्या संसारात काडी लावून जाणाऱ्यांना पुण्याचं पाणी मानवतं म्हणतात. फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

दिवाळीत तू म्हणालास, कंपनीला नवी गाडी बनवायची आहे, त्यासाठी खेड्यातल्या रस्त्यांवर जुनी जीप कशी झिजते ते लेझरने मोजायचंय. भाच्याचं कौतुक म्हणून मी हो म्हटलं. तू जीपवर पांढरी पावडर फवारलीस, वर टिकल्या चिकटवल्यास (त्या अजून निघत नाहीत, जीपला देवी आल्यासारखं दिसतं), तरी मी गप्प होतो. पण मोजलेली जीप अंगणातल्या भिंतीवर सिनेमासारखी दाखवायची काय गरज होती? आणि तीही सारा मोहल्ला जमवून? कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली जागा हिरवी, दबलेली लाल, असं तू समजावलंस. सारी जीप हिरवीगार, फक्त पुढची डावी बाजू लालभडक! शेजारच्या सुशिलाबाईंनी विचारलं, "कोन बसते गा इथं?" आणि तू, शिकल्यासवरल्या गाढवा, मोजलेली जीप हवेत दाखवणारा तो डबड्याएवढा चष्मा डोळ्यांवर चढवून, हवेत बोट दाखवत म्हणालास, "मामी."

अंगण हसलं. मी हसलो नाही, खोकलो. (पण इतक्या वर्षांच्या संसारात बायकोला नवऱ्याचा खोकला ओळखता येतो.) दुसऱ्या दिवशी तुझी मामी देवरीला माहेरी गेली, तीही बसने, जीप दारात उभी असताना. मी फोनवर म्हटलं, अगं, यंत्र आहे, चुकलं असेल. तर म्हणते, "यंत्र नाई चुकलं. तुमी कायले खोकलले?" तेव्हापासून हाताने रांधून खातोय. काल भात करपला, आज कच्चा राहिला. धानाच्या मुलखात ही पाळी! तुझी विद्या चुलीत घालावी म्हटलं, तर चूलही पेटत नाही. पुन्हा तोंड दाखवू नकोस.

तुझा (नाइलाजाने) मामा,
केवळराम

ता. क. तोंडाचं वाक्य रद्द समज. मामीने परत यायला एकच अट घातली आहे: "तुमालेबी पावडर लावून मोजा, अन् त्याच भितीवर, त्याच लोकाईसमोर दाखवा." रविवारी यंत्र घेऊन ये.

आणखी ता. क. कारखान्यातून निघालो तेव्हाचा पुरावा म्हणून ती आमच्या लग्नातला फोटो आणणार आहे. पोटाची जागा हिरवी दाखवायची काही सोय असेल तर आधी कळव. नसली तरी ये. भिंतीला मी चुना लावून ठेवलाय.