अर्ध्यात बसणारं गाणं

आळंद
१२ जानेवारी २०२५

चि. चंद्रभागा हिस अंबाजीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं कानाचं यंत्र पुन्हा डब्यात जाऊन पडलंय, असं तुझी सून नेत्रावती सांगत होती. म्हणजे फोनचा काही उपयोग नाही. माझा घसा बसतो आणि तू 'बरं बरं' म्हणून फोन ठेवून देतेस. म्हणून हे पत्र.

अंजूचं लग्न सोळा फेब्रुवारीला ठरलं. नात माझी असली तरी हट्ट तुझ्यासारखा आहे. मुलगा जनवाड्याचा, महेशकुमार. दोघं बंगळूरला एकाच कचेरीत आहेत, सध्या ती लग्नापर्यंत इथूनच काम करतेय. तूर घरात आली, गुडघे दुखतायत, बाकी ठीक.

आता खरं दुखणं लिहितो. परवा अंजूनं माझ्या दोन्ही कानांत त्या फोनच्या गोळ्या खुपसल्या आणि आपलं गाणं लावलं. आपलं म्हणजे तेच, एकोणसाठ साली, पुढे तुझे मालक झालेल्या शिवप्रसाद दाजींनी हैदराबादेहून फोनोबरोबर आणलेली इंग्रजी तबकडी. आळंदात रॉक अँड रोल आला तो त्या एका तबकडीवर, आणि तो क्लारनेटवर बसवला मी. मी डोळे मिटून बैठकीची वाट बघत बसलो. गाणं अर्ध्यावर आलं की चाल खाली खाली जाते, वरातीतला लहानथोर उकिडवा बसतो, मग चाल एकदम उसळते आणि सगळे उडी मारून उठतात. उमरग्यापासून भालकीपर्यंत पासष्ट वर्षं माणसं अशीच बसली आणि उठली. पण ह्या फोनातलं गाणं बसेचना! तीनदा लावायला लावलं. तिन्हीदा सरळ धावत गेलं आणि संपलं. अंजू पोट धरून हसली. म्हणाली की आजोबा, तुम्ही जन्मभर चुकीचं वाजवायलाव, खरं गाणं कुठंच बसायलं न्हाई.

फोनोची चावी तेव्हा तुझ्या हातात असायची. दुसरा साक्षीदार आता उरला नाही. खरं सांग, ते गाणं बसायचं की नाही? मी चुकलो असेन तर तिच्या वरातीत वाजवणार नाही. निम्मं बंगळूर येणार आहे, त्यांच्यापुढं शोभा नको. क्लारनेट धोतरात गुंडाळून माळ्यावर टाकलंय. तेव्हापासून अंजू माझ्याशी नीट बोलत नाही.

लोभ आहेच, वर चिमूटभर वाढवावा.
तुझा अंबाजी

मेहकर, ता. भालकी
१८ जानेवारी २०२५

ती. अण्णास सा. न. वि. वि.

त्र्याऐंशीव्या वर्षी पोरगी हसली म्हणून रुसून बसलास! वाचून मीही हसले, आता माझ्यावरही रूस.

पण तुझ्या पत्रानं ते दिवस वर आले. मामांच्या आडतीमागची ती शेड, तुरीची पोती, आणि पोत्यावर ठेवलेला फोनो. (मामा ह्यांचे, पण साऱ्या आळंदानं त्यांना मामाच केलं होतं.) पहिल्या दिवशी ते गाणं ऐकून आपले अप्पा धावत आले होते, आठवतं? त्यांना वाटलं गाणाऱ्याला विंचू चावलाय. रामाचार्य गुरुजींना तुम्ही अर्थ विचारायला बोलावलंत, तर त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि सांगितलं की व्याकरण काहीच नाही, पण उत्साह फार आहे. तुम्ही सगळ्यांनी केसांचे कोंबडे काढायला सुरुवात केली आणि महिन्याचं खोबरेल आठवड्यात संपलं. शेवटी आईनं बाटली ज्वारीच्या कणगीत लपवली. ह्यांचा कोंबडा सगळ्यांत उंच होता. रेडिओवर तसलं गाणं कधीमधी खरखरत लागायचं, तेव्हा तुम्ही सगळे त्याला कान लावून असे बसायचात की बातमी युद्धाची आहे असं वाटावं.

तू विचारलंस त्याचं म्हणशील तर मला काय कळतंय? फोनो जुना होता. स्प्रिंग ढिली. अर्ध्यात दमायचा बिचारा. तुझी चूक नाही, माझी नाही, यंत्राची आहे. तेव्हा माळ्यावरून क्लारनेट काढ आणि वाजव.

वहिनीला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी चंद्रभागा

आळंद
२५ जानेवारी २०२५

चि. चंद्रभागा हिस अ. उ. आ.

यंत्र म्हणे. अगं, त्याच फोनोवर मामा भजनाची तबकडी लावायचे. तीही तेवढ्याच लांबीची, चावी तूच द्यायचीस, आणि भजन एकदाही बसलं नाही. शेवटच्या टाळापर्यंत सरळ जायचं. मामांच्या भजनाला दम पुरतो आणि आमच्या गाण्याचा तेवढा अर्ध्यात संपतो, हे कसलं यंत्र?

आणखी एक. खोटं लिहिताना तुझं अक्षर बारीक होतं. लहानपणी पाटीवरसुद्धा व्हायचं. मागच्या पत्रातल्या शेवटच्या चार ओळी वाचायला मला भिंग लागलं.

इकडे डीजे ठरला. अंजूनं काल पुन्हा विचारलं, मी नाही म्हटलं, ती डोळे पुसत आत गेली. मलाही बरं वाटलं नाही. पण चुकीचं आहे हे कळल्यावर फुंकायचं कसं? ओठच जुळत नाहीत. मी गावोगावच्या पोरांना हीच चाल शिकवली गं, छातीवर हात मारून सांगितलं की अस्सल आहे. तू काही लपवत असशील तर आता लिही.

रागावलोय, तरी लोभ तसाच आहे.
अंबाजी

मेहकर
१ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णास सा. न. वि. वि.

बघ, अक्षर मोठं काढलंय.

गाणं बसत नव्हतं, अण्णा. मी बसवत होते.

अर्ध्यावर चावी द्यायची हे मला चांगलं ठाऊक होतं. मामांच्या भजनाला वेळेवर देत होते. तुमच्या गाण्याला मुद्दाम उशीर करायचे. तेरा वर्षांची होते मी. गाणं संपलं की मामांची हाक यायची आणि हे तबकडी पिशवीत घालून दुकानात निघून जायचे. एकदा चुकून चावी द्यायची राहिली, गाणं रेंगाळलं, आणि माझ्या लक्षात आलं की असं केलं तर ते जास्त वेळ टिकतं. गाण्याबरोबर तुम्ही सगळे चेष्टेनं खाली बसलात. हेही बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि माझ्या हाताकडे बघत राहिले, की ही चावी कधी देतेय. आख्ख्या आळंदात तोवर माझी वाट कुणी बघितली नव्हती. मग मी रोजच उशीर करायला लागले.

तू ते क्लारनेटवर उतरवशील आणि साऱ्या मुलखाला बसवशील, हे मला काय माहीत! तू इतका खूश होतास की सांगायचं राहून गेलं. पुढे सांगायची लाज वाटली. ह्यांनाही बोलले नाही. चोपन्न वर्षं संसार केला, प्रत्येक लग्नात ते बैठकीला खाली बसले आणि दरवेळी माझ्याकडे बघून हसले. त्यांना कळलं होतं का, देव जाणे. आता विचारायची सोय नाही.

तुझी मान खाली गेली ती माझ्यामुळे. हवं ते बोल. पण अण्णा, ती चाल दुरुस्त करू नकोस. ह्यांचं दुसरं काही माझ्याकडे इतकं शिल्लक नाही.

चौदा तारखेला येते. घरात घेशील ना?
तुझी चंद्रभागा

मेहकर
२० फेब्रुवारी २०२५

ती. अण्णास सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. अंजूनं दिलेल्या लाडवांतले निम्मे वाटेतच संपले, शेजारची बसम्मा सोबत होती.

तुला तोंडावर बोलता आलं नाही म्हणून लिहिते. तू माझ्या पत्राला उत्तर दिलं नाहीस. दोन दिवस घरात समोरासमोर होतो, तू हळदीचं बोललास, जेवणावळीचं बोललास, त्यातलं अक्षर काढलं नाहीस. मी समजले की झालं, आता आयुष्यभराचा अबोला. वरात निघाली तेव्हा मी मुद्दाम मागे ओट्यावर जाऊन बसले. यंत्र डब्यातच होतं. डीजे नुसता छातीत धडधडत होता, मग तोही थांबला. मला वाटलं वीज गेली.

आणि समोर बघते तर सगळी वरात हळूहळू खाली बसायला लागली. आपली माणसं बसली, बंगळूरची पोरं त्यांचं बघून बसली, जनवाड्याचे पाहुणे गोंधळून एकमेकांकडे बघत बसले, नवरी शालू सावरून बसली. उभा एकटा तू होतास, क्लारनेट तोंडाला लावून. मला एक सूर ऐकू आला नाही अण्णा, पण कुठल्या जागेवर आलायस ते बरोबर कळलं.

आता उठतील म्हणून बघते, तर तू उठवेचनास! गाल फुगवून तो एकच सूर धरून उभा, आणि बघतोयस माझ्याकडे. लोकांचे गुडघे दुखायला लागले, मल्लिकार्जुन व्याही खाली हात टेकून मोकळे झाले, तरी तू माझ्याकडेच बघतोयस. मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी हात वर केला, फोनोची चावी धरल्यासारखा.

पण लगेच नाही फिरवला. सगळे वाट बघत होते. त्या गर्दीत, अंजूच्या शेजारी, गुडघ्यांवर हात ठेवून बसायला एक जागा रिकामी होती. तिकडे जरा वेळ बघितलं. मगच चावी दिली.

तुझा श्वास पुरला ना रे? औषध वेळेवर घे. आणि लोभ असाच रेंगाळत ठेव.

तुझी चंद्रभागा