मंजुळेची तालीम

भोसरी,
ता. २० जानेवारी १९५८

प्रिय बरकत,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही हे पत्र तू भट्टीत टाकलं नसशील, तर पुढं वाच. नऊ वर्षं झाली. मधल्या काळात चाकणच्या बाजाराला मी तीनदा आलो आणि तिन्ही वेळा तुझी आळी टाळून लांबच्या रस्त्यानं सायकल काढली. तू वडिलांची फुटाण्यांची भट्टी चालवतोस, तुझ्या आई, नूरबी चाची, अजून दुकानात येऊन बसतात, हे येणाऱ्या-जाणाऱ्याकडून कळत असतं. माझं तुला काय कळलं असेल ठाऊक नाही. मी तालीम सोडली. पिंपरीला औषधाचा नवा कारखाना झालाय, तिथं फाटकावर पहारेकरी आहे. खाकी कपडे आणि हातात काठी. लोक अजून 'पैलवान' म्हणून हाक मारतात. पूर्वी बरं वाटायचं.

लग्न केलं. यशोदा खेडच्या बाजूची. एक मुलगी आहे, मंजुळा. येत्या चैत्रात तिला सहा पुरी होतील. तोंडानं फार चुरुचुरु बोलते, निदान बोलायची. कोंबडीमागं पळायची, चिंचेवर चढायची आणि उतरता आलं नाही की वरूनच मला हाका मारायची. तिच्याविषयीच लिहायला बसलोय. पण सरळ मुद्द्यावर येणं जमत नाही. सकाळपासून दोन कागद फाडले.

श्रावणात तिला ताप आला. तीन दिवस अंग नुसतं भाजत होतं. चौथ्या दिवशी उतरला म्हणून यशोदानं देवापुढं साखर ठेवली आणि पोरीला म्हणाली, ऊठ, तोंड धू. मंजुळा उठून बसली, उजवा पाय खाली सोडला आणि तशीच बसून राहिली. "आई, ह्यो दुसरा पाय येत न्हाई," म्हणाली. रडली नाही. तिला वाटलं पायाला मुंग्या आल्यात, थोड्या वेळानं जातील. शेजारच्या अंबुबाई म्हणाल्या, वारं गेलं, उतारा टाका. तोही टाकला. मग पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून बघितली आणि म्हणाले, पोलिओ. यावर औषध नाही. बरकत, साऱ्या मुलखाला पुरेल इतकं औषध ज्या फाटकातून बाहेर पडतं तिथं मी रोज उभा असतो, आणि हा माणूस मला सांगत होता की यावर औषध नाही.

पण माणूस चांगला होता. दीड महिन्यानं घरी सोडताना त्यांनी मला समोर बसवून एका कागदावर सगळं लिहून दिलं. गरम पाण्याच्या फडक्यांचा शेक द्यायचा. पाय हातात घेऊन सावकाश हलवायचा, टाच ताणायची, मग तिला स्वतः हलवायला सांगायचं. दिवसातून तीनदा, थोडाच वेळ. खायला एकदम पोटभर द्यायचं नाही, चार-पाच वेळा थोडं थोडं द्यायचं, शेंगदाणे-गूळ, फुटाणे, मोडाची मटकी, पेरू, दूध, चालत असेल तर अंडं. घरात कोंडायचं नाही, उन्हात आणि मोकळ्या हवेत न्यायचं, इतर पोरांत बसवायचं. पहिल्या सहा महिन्यांत पाय जेवढा परत येईल तेवढाच आपला, म्हणाले. आणि शेवटच्या ओळीखाली लाल शाईची रेघ मारली : मूल थकायच्या आत थांबायचं.

मी तो कागद वाचला आणि मला काय वाटलं सांगू? वाटलं, ही तर आपलीच विद्या. मेहनत, खुराक आणि मोकळी हवा. वीस वर्षं दुसरं केलं काय आपण? माझ्या पोरीचं नशीब म्हणून मी तिचा बाप आहे, असं वाटलं.

परसात तिच्या कमरेच्या उंचीला दोन बांबू आडवे बांधले, धरून उभं राहायला. खाली तालमीतली माती आणून टाकली. सकाळी कामावर जायच्या आधी शेक आणि व्यायाम, दुपारी यशोदा करायची, संध्याकाळी परत मी. दसऱ्यानंतर आठवड्यानं डाव्या पायाचा अंगठा हलला. इतका थोडा, की मला वाटलं माशी बसली म्हणून कातडी हलली असेल. मी म्हणालो, परत कर. तिनं परत केलं. मी तिथंच रडायला लागलो. ती मलाच म्हणाली, "आबा, रडू नका, मी आणखी करते."

मग रोज संध्याकाळी तिला सायकलच्या दांडीवर बसवून चऱ्होलीच्या बाजूला इंद्रायणीवर न्यायला लागलो. कडेच्या उथळ पाण्यात तिला धरून बसवायचो. पाण्यात तो पाय हलका व्हायचा, सुटल्यासारखा पुढं-मागं जायचा. "पाण्यात माझं ऐकतोय बघा," म्हणून ती टाळ्या पिटायची. घाटावरच्या बायका कौतुकानं बघायच्या. येताना तिच्या ओच्यात शेंगदाणे असायचे. एक मला, एक तिला, असं करत घर यायचं. ते पंधरा-वीस दिवस आठवले की आता अन्न गोड लागत नाही.

कारण मला तेवढं पुरलं नाही. अंगठा हलला तर घोटा का नको, असं झालं. तीनदाचं सहादा केलं. वाळूची पिशवी शिवून तिच्या पायाला बांधली. शेंगदाणे-फुटाण्यांनी काय अंग धरतंय, म्हणून पुण्याहून बदाम आणले, खारीक आणली, पहाटे तुपातलं अंडं तिच्या तोंडात कोंबायला लागलो. पोरगी ओकायची. ओकली की तोंड धुऊन पुन्हा भरवायचो. यशोदा माझ्यामागं तिला मूठभर फुटाणे द्यायची. ते एकदा मी पोरीच्या ओच्यातून काढून कोंबड्यांना टाकले. नदीचंही तसंच. दहा वेळा पाय उचललास तरच नदी, म्हणालो. दहा झाले की वीस. तिच्यानं वीस होईनात आणि मी शब्द मागं घेईना. नदी बंद झाली. पोरांत बसवणं बंद झालं, कारण तेवढ्या वेळात आणखी व्यायाम होईल.

यशोदा एकदा आडवी आली. म्हणाली, "लेकरू हाय ते, फडात उतरवायचंय का तुमास्नी?" मी म्हणालो, तुला मेहनतीतलं काय कळतंय. डॉक्टरांचा कागद तिनं भिंतीला लावला होता, लाल रेघ दिसेल असा. मी त्याच्याकडं पाठ करून काम करत होतो.

दिवाळी होऊन महिना झाला असेल. सकाळची वेळ. मंजुळा बांबूंना धरून उभी होती आणि मी तिला हात सोडायला सांगत होतो. तिचे दोन्ही पाय लटपटत होते. "आबा, पुरं," म्हणाली. मी म्हणालो, अजून दहा मोजू. ती परत म्हणाली, पुरं. मी तिचे हात बांबूवरून सोडवले. एक-एक बोट उचलून सोडवलं, बरकत, कारण ती सोडत नव्हती. आणि मोजायला लागलो. चारला ती पडली. उजवा पाय खाली मुडपला आणि नडगीचं हाड मोडलं. धड असलेला पाय.

डॉक्टर मला ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "मी रेघ मारून दिली होती ना?" सात आठवडे प्लॅस्टर होतं. मागच्या सोमवारी काढलं. हाड सांधलंय. पण या दिवसांत डाव्या पायाचा व्यायाम धड झालाच नाही. मी जवळ गेलो की ती अंग आकसून घेते आणि जागेवरच लघवी करते. सहा वर्षांची पोर, मग लाजून तोंड गोधडीत घालते. मी शेकाचं पातेलं उचललं तर त्याच्या आवाजालाही किंचाळते. यशोदाकडून थोडं करून घ्यायची, पण यशोदाचे दिवस भरत आलेत, तिला वाकवत नाही, पोरीला उचलवत नाही. डाव्या टाचेची शीर आखडायला लागलीय, पाऊल आत वळतंय. डॉक्टर म्हणाले, या महिन्यात हात फिरला नाही तर ते तसंच राहील. सहा महिने संपायला आता तीन आठवडे उरलेत.

आता नऊ वर्षांपूर्वीचं लिहितो. चाकणच्या जत्रेत पंचांनी आपल्या दोघांची जोड लावली तेव्हा तू हसून म्हणालास, ज्योत्या, रोजचंच की, घरात केल्यासारखं करू. तुझा पाय माझ्या काखेत अडकला आणि तू पोटावर घट्ट राहिलास, चीत होईनास. मी पाय पिरगाळत गेलो. गुडघा सुटल्याचा आवाज झाला. नंतर सगळ्या गावाला मी सांगितलं की फडातल्या गलक्यात मला काही ऐकू आलं नाही. तुझ्या वडिलांनाही तेच सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून, होतं बेटा, म्हटलं. बरकत, मला ऐकू आलं होतं. तू दोनदा 'सोड' म्हणालास. पहिल्यांदा हळू, माझ्या कानाशी, म्हणजे लोकांना कळू नये आणि माझीही अब्रू राहावी. दुसऱ्यांदा ओरडून. दोन्ही ऐकले आणि तरी पिरगाळला. फेटा बांधून मिरवणुकीत गेलो. तू वर्षभर खाटेवर होतास आणि मी एकदाही आलो नाही. कशासाठी आलो नाही ते आता कळलं असेल तुला. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. माफी मागत नाही. तेवढं तोंड राहिलेलं नाही.

मी का लिहितोय ते सांगतो. तुझ्या गावचे उद्धवराव परवा कारखान्यात माल घेऊन आले होते. त्यांनी सांगितलं की वैद्यांनी हात टेकले होते, पण नूरबी चाचींनी तुझा पाय रोज मांडीवर घेऊन, तुला गोष्टी सांगत, तुझ्या कलानं हलवून हलवून जागेवर आणला; की आज तू पोतं उचलून चालतोस; आणि आळीत कोणाचं मूल लंगडलं, हात उतरला, तर आया तुझ्याकडं आणतात आणि तुझ्यापाशी पोरं रडत नाहीत. बरकत, तू ये. चाचींना प्रवास झेपत असेल तर त्यांनाही आण. डॉक्टरांचा कागद सोबत पाठवतोय, मूळचाच आहे, नक्कल नाही. तू घरात असशील तोवर मी भोसरीत पाऊल ठेवणार नाही. कारखान्याच्या चाळीत एका सोबत्याच्या खोलीवर पथारी टाकायचं ठरवलंय, म्हणजे तुला माझं तोंड बघावं लागणार नाही आणि पोरीलाही नाही. तिचा पाय सुधारला आणि तरी तिनं मला कधीच हाक मारली नाही, तर तेही चालेल. काल यशोदाला मी सगळं सांगितलं, तुझ्या गुडघ्याचंही. ती एवढंच म्हणाली, "मग त्यांनी का यावं?" मला उत्तर देता आलं नाही. तुला सापडलं तर ये.

तुझाच म्हणायचा हक्क मीच घालवला, तरीही तुझाच,
ज्योतीराम