वाळूच्या पिशवीवरचा निकाल

३ फेब्रुवारी, रविवार

बाबांच्या गोळ्या आज निशाणाच्या कार्डभर सांडल्या. सांडल्या हाच शब्द. एक वर, एक पार खाली कोपऱ्यात, काही तर कागदालाच लागल्या नाहीत. आणि सगळी रेंज गप्प! क्लबातल्या निम्म्या लोकांना या माणसानं नेम धरायला शिकवलंय. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मलासुद्धा. मी पहिला बार दोन्ही डोळे गच्च मिटून काढला होता, तर सासरे म्हणून रागावतील असं वाटलं — हसून हसून खाली बसले होते.

आज मात्र हसले नाहीत. रिव्हॉल्व्हर उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाले, "नळी गेली हिची."

ही म्हणजे त्यांचं जुनं पॉइंट बावीस. क्लबात सगळे तिला 'म्हातारी' म्हणतात.

सेक्रेटरींनी घाईघाईनं विषय बदलला. नवशिक्यांसाठी क्लबला रिमफायर रिव्हॉल्व्हर घ्यायची आहेत, नमुन्याला दोन आलीत, त्यांतलं जास्त अचूक कुठलं ते बघायचं काम माझ्या गळ्यात मारलं. बाबा लगेच म्हणाले, "मग म्हातारीलाही घे त्यात. वाळूच्या पिशवीवर टेकवून मार, म्हणजे माणसाची चूक मध्ये येणार नाही. आणि काय निघेल ते तोंडावर सांग."

मी हो म्हटलं.

५ फेब्रुवारी, मंगळवार

औषधाच्या दुकानात आज दोनदा भलतीच बाटली काढली. गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, लक्ष कुठाय?" रेंजवर!

९ फेब्रुवारी, शनिवार

तपासलं. एकटीनं. सकाळी रेंज रिकामी होती, वारा नव्हता, यापेक्षा चांगली वेळ मिळाली नसती.

रिमफायर काडतूस हे नखरेल प्रकरण. बुडाच्या कडेवर घोडा आपटला की बार उडतो, इतकं साधं — पण एका कंपनीचा माल एका नळीला मानवतो आणि दुसरीला मुळीच नाही. म्हणून निरनिराळी काडतुसं घेऊन बसले. आखूड नळीचं नवं रिव्हॉल्व्हर, त्याला मी 'बुटका' म्हणते — दिसायला गोड, पण गोळ्या विस्कटलेल्या, काहीही भरा. लांब नळीचा 'लांबनाक्या' बरा निघाला. त्याची एक गोळी मात्र दर वेळी उजवीकडे पळायची. काडतुसाच्या प्रत्येक खणातून वेगळं मारून बघितलं, तेव्हा चोर सापडला — चक्रीतला एकच खण नळीच्या सरळ रेषेत येत नव्हता. दुरुस्त होईल.

मग म्हातारी.

पिशवीवर टेकवली, श्वास सोडला, चाप दाबत गेले. दुर्बिणीतून बघितलं तर कार्डाच्या मधोमध एकच भोक, जरासं फाटलेलं. मला वाटलं बाकीच्या गोळ्या बाहेर गेल्या. जवळ जाऊन बघितलं — सगळ्या त्याच भोकातून गेलेल्या! काडतुसं बदलली. पुन्हा तेच. दोन्ही नव्या पोरांच्या थोबाडीत मारली तिनं.

आणि मला आनंद होईना. नळी ठीक आहे. मग बिघडलंय काय?

कार्ड फाडून कचऱ्यात टाकलं.

घरी पोचले तर बाबा दारातच. "काय निघालं?"

"नळी झिजलीय, बाबा."

किती सहज बोलले मी! आणि त्यांचा चेहरा असा उजळला की बघवेना. "मी म्हटलं नव्हतं?" आईंना हाक मारून सांगितलं. जेवताना दोनदा वाढून घेतलं.

१० फेब्रुवारी, रविवार

नवऱ्याला सांगितलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "वय झालं. हात हलत असेल."

हात नाही हलत. आज दुपारीच बाबांनी बैठकीत, तपासणीसाठी घरी आणलेला लांबनाक्या रिकामा असल्याची खात्री केली, नळीवर एक रिकामं काडतूस उभं केलं, भिंतीकडे धरून चाप दाबला. घोडा खाडकन पडला. काडतूस जागचं हललं नाही. "तू करून दाखव," म्हणाले. माझं घरंगळत सोफ्याखाली गेलं.

हात दगडासारखा आहे. मग डोळे. दुसरं काय उरलं?

आणि हाच माणूस गुडघ्याच्या व्यायामासाठी आईंना गाडीतून हॉस्पिटलला नेतो. भर रहदारीतून. उद्या पुन्हा जायचंय.

११ फेब्रुवारी, सोमवार

ते दोघं परत येईपर्यंत दुकानात उभी राहू शकले नाही. रस्त्यावर ब्रेक वाजला की मी दारात.

१३ फेब्रुवारी, बुधवार

बाबांनी आज लांबनाक्यावर हात बसवायला घेतला. चक्री रिकामी केली, कार्ड मागवलं — कोरं! एक भोक नाही. तेवढ्यात शेजारच्या पट्ट्यावरचा वकील ओरडला, "अरे, माझ्या कार्डावर ही जास्तीची भोकं कुणाची? मी इतका चांगला कधीपासून मारायला लागलो?"

सगळे खो खो हसले. बाबा सगळ्यांत मोठ्यानं. मी एकटीच खाली बघत पितळी टरफलं गोळा करत बसले.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

दुकान बंद ठेवलं आणि त्यांच्याबरोबर हॉस्पिटलला गेले. मी मागे, आई पुढे.

वाटभर आईंचं चाललेलं — "अहो, लाल." "अहो, सायकल." "हं, निघा आता." इतकी वर्षं मी याला कटकट समजत होते. गाडीत बसलं की यांची टकळी सुरू, असं नवऱ्याला हसत सांगितलंसुद्धा होतं.

बाबा गाडी लावायला गेले तेव्हा आई बाकावर बसल्या आणि माझा हात धरला. "कळलं ना तुला?"

मी गाडी लावणाऱ्या बाबांकडे बघितलं.

"गाडी काढून घेऊ नकोस गं त्यांची. क्लब सुटला, गाडी सुटली, तर तो माणूस खुर्चीत बसेल तो उठायचा नाही. मी आहे ना शेजारी."

"आई, पण कुणाला धडक बसली तर?"

"मी आहे ना," पुन्हा तेच. आणि मी होकाराची मान हलवली! का हलवली? त्या क्षणी त्यांच्या तोंडाकडे बघून दुसरं काही सुचलंच नाही.

१६ फेब्रुवारी, शनिवार

झोप नाही, जेवण नाही. भाजी दोनदा करपली. एकाशी खोटं बोलले, दुसरीला शब्द दिला. दोन्ही सांभाळायचं, तर रस्त्यावरच्या माणसांचं काय?

१७ फेब्रुवारी, रविवार

आज सांगितलं.

रेंज उठल्यावर बाबांना थांबवलं. म्हातारी पिशवीवर टेकवली आणि त्यांच्यासमोर मारली. कार्ड आणून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी डोळ्यांजवळ नेलं, मग बोटानं भोक चाचपलं. एकदा. पुन्हा एकदा.

"बाबा, नळी उत्तम आहे. तेव्हाही होती. मी खोटं सांगितलं."

कार्ड खिशात घातलं. मग म्हणाले, "खोटा निकाल देणाऱ्याला मी रेंजवर पाय ठेवू देत नाही. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग का दिलास?"

"तुमचा चेहरा बघवला नसता."

"आता बघ," म्हणाले आणि चालू लागले. गाडीत मला मागे बसवलं, स्वतःच चालवली. मी सीटचा कडेचा पट्टा मुठीत धरून होते. घराशी उतरताना एवढंच — "डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घे."

१९ फेब्रुवारी, मंगळवार

बोलत नाहीत. माझ्या हातचा चहा घेतात, पण आईंकडे बघून. क्लबला कळवलं — लांबनाक्या घ्या, खण दुरुस्त करून. त्यावर सही केली खरी, पण आता माझ्या निकालावर कुणी विश्वास का ठेवावा?

डॉक्टरची वेळ उद्याची. गाडी बाबाच चालवणार म्हणतात. "जाईपर्यंत तरी!" रिक्षाचं नाव काढलं तर खोलीत निघून गेले.

२० फेब्रुवारी, बुधवार

बाबांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पिकलेला, पण निघेल, पुन्हा दिसेल. मी रडायच्या बेतात होते, तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी रिकाम्याच बसल्यात, त्यांचेही बघून घेऊ." आई नको नको म्हणत असताना बसवलंच त्यांना. समोरच्या पाटीवरचं सगळ्यात मोठं अक्षरसुद्धा वाचता येईना.

"अगं, मग लाल आहे हे कसं सांगत होतीस मला?" बाबा ओरडलेच.

आई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "पुढची गाडी थांबली की लाल म्हणायचे."

बाबांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली.