बंद घेरातला तुकडा

३ फेब्रुवारी १९८६
…पाणी भरून झालं होतं, बांगडे साफ करून मांजरीला डोकी टाकली होती आणि मी पदराला हात पुसत होते, तेवढ्यात शेजारची शुभा दारात उभी. वैनी, नोकरी करशील का, म्हणाली. ही परवाची सकाळ. आज मी जोगेश्वरीच्या चाळीतली विधवा बाई अंधेरीत गार खोलीत कॉम्प्युटरपुढे बसून आले. मजा वाटली. दोन वर्षांत पहिल्यांदा डबा पूर्ण संपवला.

काम असं: हाँगकाँगच्या कुठल्याशा छापखान्याला चिनी अक्षरं कॉम्प्युटरमध्ये हवी आहेत. अक्षर काढायचं नाही, त्याची रचना सांगायची. डावीकडे कोणता तुकडा, उजवीकडे कोणता. वर कोणता, खाली कोणता. चारी बाजूंनी बंद घेर असेल तर आधी घेर, मग आत काय ते. प्रत्येक तुकड्याला नंबर असतो. तिथल्या मार्तंड साहेबांनी हे समजावताना आम्ही बायका म्हशी असल्यासारखे शब्द ताणले. मध्येच म्हणाले, अर्थाच्या भानगडीत पडू नका. त्यांनाही अर्थ येत नाही, हे सांगायचं मात्र राहून गेलं.

१२ फेब्रुवारी
हात बसला. शाळा चौथीला सुटली, पुढचं वाचन रद्दीवाल्याच्या पुस्तकांवर. इंग्रजी अक्षरंही तिथेच शिकले, ती आता उपयोगी पडतात. एखाद्या तुकड्याला नंबर नसेल तर इंग्रजी अक्षरांत काहीतरी तात्पुरतं नाव द्यायचं. शुभा भाज्यांची नावं देते. हाँगकाँगच्या छापखान्यात आता भेंडी, पडवळ आणि सुरण जाणार आहेत. मार्तंड साहेब तपासतात म्हणे. टाय तपासत असतील.

१९ फेब्रुवारी
आज एक बंद घेर आला, कुठे फट नाही. आत बिननंबरी तुकडा, गुडघे पोटाशी घेऊन भिंतीला टेकलेल्या माणसासारखा. शुभा म्हणाली, फणस घाल. मला आमचे हे आठवले. गिरणीतून आले की दारातल्या पायरीवर असेच बसत. लहानपणी चुलत्याने ह्यांना भाताच्या कणगीत कोंडून वर झाकण ठेवलं होतं. तेव्हापासून बंद जागा सोसत नसे. मोरीचं दारही ओढून घेत नसत. चाळ हसायची. चाळीला दुसरं येतं काय.

इतक्या वर्षांच्या संसारात उखाणा सोडला तर मी ह्यांचं नाव घेतलं नाही. बायकोने नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं म्हणे. मी तोंड शिवून बसले, तरी हे गेलेच. म्हटलं, आता कुणाचं काय घटणार? आतला तुकडा: काशीराम. टाइप केलं. कॉम्प्युटरने घेतलं. बरं वाटलं.

२१ फेब्रुवारी
पिठाच्या डब्यात खरवडल्याचा आवाज. उघडला, थांबला. मग ट्रंकेत. ट्रंक उघडली, मग कपाटात. उंदीर असा शिस्तीत एकेक बंद वस्तू घेत फिरत नाही. चाळीतल्या जयंतीकाकूंनी लिंबू उतरवून टाकायला सांगितलं. त्यांना तापावरही लिंबू आणि पोराच्या नापास होण्यावरही लिंबू. मी सरबत करून प्याले.

२४ फेब्रुवारी
दुपारी कामावर सगळ्या जेवायला बसलो. माझ्या डब्याच्या झाकणाला आतून नखं लागली. मग आवाज, कणगीतून यावा तसा.

"जानके, दार उघड गो."

जानके म्हणणारं माझं एकच माणूस होतं. शुभा लोणचं मागत होती, तिला काही ऐकू आलं नाही. झाकण काढलं. भात होता.

२६ फेब्रुवारी
मार्तंड साहेबांकडे गेले. म्हटलं, ते अक्षर चुकलंय, घेराची एक बाजू उघडी करा. म्हणाले, पक्कं झालेलं अक्षर उघडत नाही. आतल्या तुकड्याची आणखी फोड करायची तेवढी सोय आहे. वर कौतुकाने सांगितलं की तो तुकडा आणखी कितीतरी अक्षरांत निघाला आणि कॉम्प्युटरने आपणहून सगळीकडे तेच नाव लावलं. सगळे घेर बंद. शुक्रवारी संध्याकाळी सगळी अक्षरं भरलेली टेप विमानाने हाँगकाँगला जाणार.

मी म्हटलं, आत माणूस आहे.

"बाई, ती शाई आहे," म्हणाले आणि चहा मागवला. स्वतःपुरता.

२७ फेब्रुवारी
कामाला गेले नाही. डबे, ट्रंक, कपाट, खिडक्या, दार, सगळं सताड उघडं. लोक वाकून बघतात. बघोत मेले. उघडायला आता काही उरलं नाही. तरी नखं —

भिंतीत नाहीत. श्वास धरला की कळतं. माझ्या बरगड्यांच्या आत. ह्यांना हवा पुरत नाही, धाप ऐकू येते. दार उघड गो. मी कुठलं —

उद्या टेप जाईल. मग कायमचं —

२८ फेब्रुवारी
सकाळी पहिली मीच पोचले. तोच घेर पडद्यावर घेतला. बाहेरची एक रेघ हलली नाही. मग आतल्या तुकड्याची फोड केली. डावं-उजवं. डावीकडे काशीराम. उजवीकडे जानकी. बटण दाबलं.

नखं थांबली. हे थोडे सरकून बसले.

शुभा माझ्या खुर्चीला हात लावून विचारते आहे, वैनी आली नाही का. मार्तंड साहेब पडद्याकडे बघून मान हलवतात. डोळे आहेत की बटणं. मी आतून हाक मारली, ऐकू जात नाही. वही गुडघ्यांवर धरून लिहिते आहे, पाय पसरायला —